जुनी चिप हातात मिळायची, जुनी फाईल कोण देतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत 'चिप बदला, गाडीची ताकद वाढवा' असा अर्ध्या पानाचा लेख आला. सोमवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर गल्लीतल्या दोघांनी थांबवून विचारले, मॅडम, ही चिप कुठे मिळते? एकाकडे 2011 ची पेट्रोल गाडी आहे, दुसऱ्याची घेऊन चार महिने झालेत. दोघांनाही तीच चिप हवी होती. म्हणून हे पत्र.

आपल्या लेखकाने पहिल्या परिच्छेदात चिप 'बदलली' आहे, तिसऱ्यात तीच चिप लॅपटॉपने 'अपडेट' केली आहे आणि शेवटी ती स्टीअरिंगखालच्या सॉकेटात खोचून दिली आहे. ही तीन निरनिराळी कामे आहेत. पहिले आता जवळपास बंद पडले, दुसरे खरे आहे पण जपून करायचे, तिसरे बहुतेक वेळा कामच नसते. बाजारात मात्र तिन्हींना 'चिप मारणे' म्हणतात, आणि या एका शब्दाच्या आडून काय काय खपते ते मी घरच्याच गाडीवर पाहिले आहे.

माझी ओळख सांगते, नाहीतर 'या बाईंना गाडीतले काय कळते' हा प्रश्न येईलच. तो मला बऱ्याच गॅरेजमध्ये न विचारताही ऐकू आला आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रेडला 29 वर्षे शिल्पनिदेशक होते. सोल्डरिंग आयर्न कसे धरायचे ते माझ्याकडे शिकलेली बरीच मुले आज वाडीत, कामठी रोडला, हिंगण्याला गाड्यांच्या वायरिंगवर पोट भरतात. त्यामुळे बिघडलेली ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आमच्या डायनिंग टेबलवर अधूनमधून भाजीच्या शेजारी पडलेली असते.

खरी चिप मी पहिल्यांदा बदलली ती 1997 मध्ये. धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे 1989 सालची परदेशी बनावटीची पेट्रोल गाडी होती. त्यांनी मुंबईहून कोणाकडून तरी 'परफॉर्मन्स चिप' मागवली, पण नागपुरात ती बसवून देणारा भेटेना. एका माजी विद्यार्थ्याने माझे नाव सांगितले. डाव्या सीटच्या पायाशी गालिच्याखाली ॲल्युमिनियमचा डबा, त्यात हिरवी पाटी, आणि पाटीवर 28 पायांची, मधोमध गोल काचेची खिडकी असलेली चिप. खिडकीवरचा कागद सोलला की आत तांदळाच्या दाण्याएवढे सिलिकॉन चमकताना दिसायचे. 27सी256 जातीची ही ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी, आमच्या लॅबमधलीच ओळखीची. मावणार किती, तर 32 किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी जे फुलांचे 'शुभ सकाळ' येते ते याहून मोठे असते. एवढ्या जागेत त्या गाडीचे सगळे शहाणपण होते.

28 पाय एकेक करून तापवायचे, सोल्डर सकरने कथील ओढून घ्यायचे, पाटीवरचा तांब्याचा पट्टा उचलू द्यायचा नाही. तासभर गेला. मग तिथे सॉकेट बसवले आणि नवी चिप खाच पाहून दाबली. उलटी बसली की गेलीच म्हणून समजा. जुनी चिप मी काळ्या फोममध्ये टोचून डॉक्टरांच्या हातात दिली आणि सांगितले, हिच्या खिडकीवर काहीतरी चिकटवा, उजेड लागू देऊ नका. त्यांच्या पत्नीने आतून टिकल्यांचे पाकीट आणले आणि सगळ्यात मोठी काळी मखमली टिकली चिपला लावली. वर मी काळा टेप मारला. टिकली लावलेली चिप कुंकवाच्या रिकाम्या डबीत गेली.

उजेडाचे हे प्रकरण आजच्या मुलांना खोटे वाटते. या जातीच्या चिपा पुसायला अतिनील किरणांचा दिवा लागतो, त्याखाली 15-20 मिनिटांत चिप कोरी होते. चिपेच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असायचे की ट्यूबलाइटच्या उजेडात ती पुसायला सुमारे 3 वर्षे लागतील आणि थेट उन्हात सुमारे एक आठवडा. आमच्या वर्गातल्या एका बहाद्दराने मे महिन्यात गच्चीवर ठेवून पाहिली होती. नागपूरचे ऊन, दुसरे काय होणार.

डॉक्टरांची गाडी खरोखर चपळ झाली. पण एप्रिल संपता संपता चढावर इंजिन ठकठक वाजू लागले. त्या नव्या चिपेत ठिणगी लवकर पाडण्याचे आकडे होते, आणि ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चांगल्या ऑक्टेनचे, म्हणजे इंजिन सहसा ठकठक न वाजवणारे पेट्रोल होते. त्या काळचे आपले पेट्रोल आणि वरून 45 अंशांचा उन्हाळा त्याने कशाला धरला असेल? डॉक्टर म्हणाले, पूर्ववत करा. सॉकेट होतेच. डबी उघडली, टिकली लावलेली चिप काढली, खाच पाहिली, दाबली. दहा मिनिटांत गाडी पुन्हा 1989 ची.

ही दहा मिनिटे लक्षात ठेवा, कारण माझे म्हणणे त्यांच्याभोवतीच आहे. चिप बदलण्यात कटकट फार, पाटी जळण्याचा धोका फार, पण जुने जे काही होते ते मालकाच्या कपाटात असायचे.

पुढे फ्लॅश मेमरी आली. ती विजेवरच पुसली जाते आणि विजेवरच लिहिली जाते, त्यासाठी पाटीवरून काढावी लागत नाही. अमेरिकेत 1996 सालापासूनच्या नव्या गाड्यांना 16 पिनांचे एकसारखे सॉकेट सक्तीचे झाले. आपल्याकडे 2000 साली नवे प्रदूषण नियम आले, कार्ब्युरेटर गेला, मागच्या काचेवर 'एमपीएफआय' (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी पद्धत) अशी अक्षरे मिरवणाऱ्या गाड्या सीताबर्डीवर दिसू लागल्या आणि भारत स्टेज 4 बरोबर ते 16 पिनांचे ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीचे दोष तपासायचे सॉकेट, आपल्याही गुडघ्यापाशी येऊन बसले. आता डबा न उघडता, स्टीअरिंगखाली वायर खोचून इंजिनाचा प्रोग्राम बदलता येतो. याला रिप्रोग्रामिंग म्हणा, रिमॅप म्हणा. चिप तीच राहते, तिच्यातले आकडे बदलतात.

आकडे म्हणजे काय? मोठमोठी कोष्टके. आडवे इंजिनाचे फेरे, उभा ॲक्सिलरेटर किती दाबला ते, आणि प्रत्येक चौकोनात या घडीला किती डिझेल सोडायचे तो आकडा. असे दुसरे कोष्टक इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या दाबाचे, तिसरे डिझेल नेमके केव्हा सोडायचे त्याचे. शिवाय धूर होऊ नये म्हणून मर्यादा घालणारे वेगळे, हवा तापली की हात आखडता घेणारे वेगळे. कारखाना हे आकडे ठरवताना थोडी ताकद राखून ठेवतो, ती कंजूषपणाने नव्हे. त्याला तीच गाडी शिमल्यालाही विकायची असते आणि चंद्रपूरलाही, भेसळीच्या डिझेलवरही चालवायची असते, क्लच लाखभर किलोमीटर टिकवायचा असतो आणि प्रदूषणाच्या चाचणीत पास व्हायचे असते. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा तेवढ्याच दाबाला सुमारे 9 टक्के विरळ असते. म्हणजे मे महिन्यात दुपारी वर्धा रोडवर इंजिनाला प्राणवायूच कमी मिळतो. अशा वेळी जास्त डिझेल ओतले तर ते अर्धवट जळून मागून काळे बाहेर पडणार. राखून ठेवलेल्या ताकदीतली थोडी काढून घेता येते, टर्बो डिझेलमध्ये तर चांगलीच जाणवते. टर्बो नसलेल्या लहान पेट्रोल इंजिनात फारसे काही हाती लागत नाही, मग कोणी कितीही आलेख दाखवो.

आता घरची गोष्ट. माझा भाचा बुटीबोरीला नोकरीला आहे. त्याच्याकडे 2013 ची 1248 सीसीची डिझेल गाडी. हे इंजिन तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत होते की त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत. गाडी उत्तम. पण समृद्धी झाल्यापासून पोराला पिकअप कमी वाटू लागला. मला न सांगता तो कोणाकडे तरी गेला आणि साडेआठ हजारांत 'चिप मारून' आला. परत आला तेव्हा खूश. "आत्या, भल्ली पळून राहिली गाडी!" मी विचारले, चिप बदलली की प्रोग्राम? म्हणाला, "लॅपटॉप लावला, एक घंट्यात झालं." मग जुना प्रोग्राम कुठे आहे? तो माझ्याकडे असे पाहू लागला जणू मी सलूनमध्ये कापलेले केस परत मागते आहे.

महिना-दीड महिना बरा गेला. मग पीयूसीची मुदत आली. आपल्याकडे पीयूसी कशी मिळते ते वाचकांना सांगायला नको, पण त्या केंद्रावरच्या मुलाने प्रामाणिकपणे सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि सांगितल्याप्रमाणे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावला. मागच्या भिंतीवर काळा पट्टा उमटला. मुलगा म्हणाला, "भाऊ, हे तर ट्रकसारखं मारून राहिलं." नापास.

भाचा परत त्या माणसाकडे, या वेळी मी सोबत. रस्त्याच्या कडेला मोकळी जागा, वर हिरवे नेट, टेबलावर लॅपटॉप. मी म्हटले, मूळ फाईल परत टाका. तो म्हणाला, "मॅडम, ओरिजिनल तर नाही आपल्याजवळ. थोडी हलकी फाईल टाकून देतो, धूर बंद होऊन जाईल." म्हणजे भाच्याच्या गाडीतून आधी काही वाचलेच नव्हते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कोणाच्या गाडीची बदललेली फाईल आणून थेट लिहून टाकली होती. त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांत सॉफ्टवेअरचा क्रमांक वेगळा असू शकतो, हे या धंद्यातल्याला पहिल्या दिवशी कळायला हवे.

मी नको म्हणत होते. भाचा म्हणाला, आत्या, करू दे. एप्रिलची दुपार, इंजिन बंद, किल्ली ऑन. त्या अवस्थेत पुढचा पंखा चालू, डॅशबोर्ड पेटलेला, आणि सगळा भार चार वर्षे जुन्या बॅटरीवर. लिहिताना बॅटरीचे व्होल्टेज पडू नये म्हणून बाहेरून स्थिर पुरवठा लावायचा असतो. मी विचारले, चार्जर कुठे? तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ." पट्टी 60 टक्क्यांच्या पुढे सरकली, पंख्याचा आवाज बसला, डॅशबोर्डचे दिवे मंदावले आणि लॅपटॉपवर लाल चौकट आली. मग गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडायचे नाही. त्याने दोन-तीनदा किल्ली फिरवली, कपाळ पुसले आणि निदान केले, "चिप उडाली. नवीन ईसीयू लागेल."

गाडी टोचन लावून एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या सल्लागाराने स्कॅनर लावला, ईसीयू बोलत नाही असे पाहिले आणि नव्या ईसीयूचे, वर प्रोग्रामिंगचे, वर किल्ल्या जुळवण्याचे असे मिळून 61 हजारांचे कोटेशन दिले. तेही माझ्या यजमानांच्या हातात. मी प्रश्न विचारत होते, उत्तरे त्यांना मिळत होती. आमचे हे निवृत्त मराठीचे शिक्षक. शेवटी ते म्हणाले, "अहो, मला ईसीयू ती की ते, एवढंच फार तर सांगता येईल. बाकी यांना विचारा." सल्लागार हसला, पण कागद यांच्याच हातात ठेवला.

चिप उडालेली नव्हती. पाहा, एखाद्या वहीचे पान खोडून नवे लिहीत असताना मध्येच पेन काढून घेतले तर वही फाटत नाही, पान अर्धवट राहते. तसेच झाले होते. प्रोसेसर जिवंत, मेमरी जिवंत, आतला मजकूर अर्धा जुना अर्धा नवा, म्हणून ईसीयू भ्रमिष्ट. अशा वेळी ओबीडी सॉकेटातून तिला हाक ऐकू येत नाही. डबा उघडावा लागतो.

माझा एक विद्यार्थी ऑटोमोटिव्ह चौकाजवळ हेच काम करतो. त्याने ईसीयू काढून आणली, झाकणाचा गोंद गरम हवेने मऊ केला आणि पातळ पात्याने कडेकडेने सोडवला. काही ईसीयूंत पाटीवरचा एक ठरावीक बिंदू ग्राउंडला धरून वीज दिली की प्रोसेसर गाडीचा प्रोग्राम चालवायला जातच नाही, बाहेरून हुकूम येण्याची वाट पाहत बसतो. त्याने तसे केले आणि लॅपटॉपवर प्रोसेसरचे नाव उमटले. खरे सांगते, इतक्या वर्षांनंतरही माझ्या अंगावर काटा आला.

शेजारीच आठ पायांची छोटी मेमरी होती. गाडीच्या किल्लीतल्या ट्रान्सपॉन्डरची ओळख यात राहते. भंगारातून दुसरी ईसीयू आणून बसवली तर गाडी सुरू होत नाही ती याचमुळे, नवी पाटी जुन्या किल्लीला ओळखत नाही. ही आधी वाचून ठेवली. ती शाबूत होती. प्रश्न उरला मूळ प्रोग्रामचा. ईसीयूच्या लेबलवरचा क्रमांक आणि अर्धवट मजकुरातून निघालेला सॉफ्टवेअरचा क्रमांक लिहून घेतला, आणि भाच्याने आपल्या कंपनीत चौकशी केली. पाचव्या दिवशी त्याच सालचा, अगदी तोच क्रमांक असलेला, कोणी हात न लावलेला एक सहकारी सापडला. म्हणजे गाडी. त्याने अर्धा दिवस गाडी दिली म्हणून पुढचे झाले. तिच्यातून फाईल वाचून घेतली, फाईल चुकली नाही ना हे कळायला तिच्या आकड्यांची बेरीज तपासली, टेबलावरच्या स्थिर पुरवठ्यावर भाच्याच्या ईसीयूत लिहिली. गाडीत बसवल्यावर डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरांच्या डोक्यावर कोरलेले कोड स्कॅनरमधल्या कोडांशी ताडून पाहिले. किल्ली फिरवली, अर्ध्या फेऱ्यात सुरू. मजुरी साडेसहा हजार. एकही चिप बदलली नाही.

याचा अर्थ चिप कधीच बदलावी लागत नाही असा नाही. पाणी शिरून पाय गंजतात, कोणीतरी जंपर केबल उलटी लावते आणि इंजेक्टर चालवणारा भाग जळतो, मेमरीच लिहून घ्यायला नकार देते. तेव्हा तो भाग बदलायचाच, आणि आतला मजकूर जुन्यातून नव्यात न्यायचा. मुद्दा इतकाच की वस्तू बिघडली की मजकूर बिघडला, हे आधी पाहायचे. 61 हजार आणि साडेसहा हजार यांच्यातला फरक तिथे आहे.

मजकूर बिघडवण्यात मोठमोठेही मागे नाहीत. 2015 मध्ये उघड झालेले फोक्सवॅगनचे प्रकरण आठवत असेल. डिझेल गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचे आणि तेवढ्यापुरते सभ्य वागायचे. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या, भारतात 3 लाख 23 हजार 700 परत बोलावल्या. सगळी लबाडी त्या कोष्टकांत आणि अटींत होती, डबा उघडून पाहिला असता तर कोणाला काही दिसले नसते.

आपल्या लेखात शेवटी आलेली, सॉकेटात खोचायची 'चिप' मी 500 रुपयांना आणून पाहिली. हिरवा दिवा लुकलुकतो, दाबायला एक बटण आहे. स्क्रू काढला. 16 पैकी वीज आणणाऱ्या पिना तेवढ्या पाटीला जोडलेल्या, 6 आणि 14 या ज्या दोन पिनांवरून गाडीचे कॅनवरचे (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवरचे) बोलणे चालते त्या मोकळ्या लटकत होत्या. म्हणजे ही वस्तू इंजिनाशी बोलतच नाही. दिवा मात्र इमानदारीने लागतो. दुसरा एक डबा मिळतो, तो रेल प्रेशर सेन्सरच्या, म्हणजे इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या, वायरीत मध्ये जोडतात. तो काम करतो, पण कसे, तर दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असे ईसीयूला खोटे सांगून. ती बिचारी दाब वाढवते. त्यात एकच गुण, काढला की गेला. भाच्यापुरते बोलायचे तर तोही नको.

गल्लीतल्या पेट्रोलवाल्या गृहस्थांना कोणीतरी 'ई-20 ची', म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठीची, 'चिप' सांगितली आहे. इथेनॉलचा विषय आम्हा नागपूरकरांना खासदारांमुळे घरचाच. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणजे मिश्रणात इथेनॉल वाढले की इंधन थोडे जास्त सोडावे लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हे पाहतो आणि ईसीयू आपल्या मर्यादेत तेवढी भर आपोआप घालते. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी, त्यामुळे मायलेज थोडे पडणार, ते कोणत्याही फाईलने भरून निघत नाही. आणि 2011 च्या गाडीतली रबरी नळी खराब झाली असेल तर तिला नळीच लागते. मी त्यांना इतकेच सांगितले की चिपेचे पैसे नळ्या आणि सील पाहून घेण्यात घाला.

कायद्याचे लेखात अक्षर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मालकाला, बरं का. लॅपटॉपवाला तिथे हिरव्या नेटखालीच असतो. गाडी चार महिन्यांची असेल तर वॉरंटीचा प्रश्न वेगळाच, त्या दुसऱ्या गृहस्थांना मी हात जोडून परावृत्त केले.

तरीही ज्यांना करायचेच आहे ते करणार, तरुण मुले तर करणारच. त्यांच्यासाठी एक मागणी मी आपल्या दैनिकातून जाहीरपणे करते. लॅपटॉप लावणाऱ्याने आधी त्याच गाडीतून मूळ फाईल वाचावी आणि तिची प्रत मालकाला द्यावी. 'वाचली' म्हणजे खरोखर वाचली. काही यंत्रे फक्त सॉफ्टवेअरचा क्रमांक विचारतात आणि त्या क्रमांकाची फाईल कुठल्यातरी सर्व्हरवरून आणतात, पडद्यावर मात्र तेही 'रीड' असेच दिसते. आधी कोणी तुमच्या गाडीत काही बदलले असेल तर ते अशा रीडमध्ये येत नाही. ओबीडीतून गाडी वाचू देत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. बिलावर 'चिपचे काम' असे न लिहिता ईसीयूचा क्रमांक, आधीच्या आणि नंतरच्या सॉफ्टवेअरचा क्रमांक, आणि बॅटरीला बाहेरून पुरवठा लावला होता की नाही हे लिहावे. चार ओळी होतात. शिंपीसुद्धा उरलेले कापड परत देतो.

भाच्याने आता आपली फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्याकडे ठेवायला दिली आहे, स्वतःवर त्याचा विश्वास राहिलेला नाही. पिकअपबद्दल विचारले तर म्हणतो, "जाऊ दे ना आत्या, समृद्धीवर 120 च्या वर तसंही चलान येते."

आपली,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
मानेवाडा, नागपूर

(नाव छापू नये ही विनंती. तो लॅपटॉपवाला आमच्याच रस्त्यावर भाजी घेतो.)

ता. क. लेखासोबतच्या छायाचित्रात 'इंजिनाची चिप' म्हणून जे दाखवले आहे ती घरच्या कॉम्प्युटरची रॅम आहे, आणि ती उलटी छापली आहे. दुरुस्ती छापणार असाल तर निदान छायाचित्र सुलटे करावे.